इंदूरचा ढीग

महूला जन्मभूमीचे दर्शन घेऊन परतणारे आपले बांधव इंदूरला गाडी बदलतात, पोहे-जिलेबी खातात आणि पुढे निघतात. मी मात्र इंदूरला तीन महिने राहिले, तेही शेण कालवायला!

निघताना आई एवढेच म्हणाली, “तुझ्या आजीनं जन्मभर दुसऱ्याचे गोठे काढले. तुला बी.ए. केली ती पुन्हा घमेलं उचलायला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. जळगावहून खांडव्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा दिसली, घाट चढला, माळव्याची काळी जमीन आली. आईचे शब्द काही सुटले नाहीत.

मावशीकडे राहून मी शहराबाहेरच्या एका भाजीमळ्यात जाऊ लागले. मळेवाले काका रासायनिक खत घालीत नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी हाती बी दिले नाही, घमेलेच दिले. आधी खत, मग बी! पाचोळा आणि काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख, पुन्हा पाचोळा. असे थर लावले. मी उत्साहाने बादल्यांवर बादल्या पाणी ओतले. आठवड्याने ढिगाला अशी दुर्गंधी सुटली की आईचेच खरे वाटून मी रडले.

काका रागावले नाहीत. “बेटी, इसका दम घुट गया है,” म्हणाले. फार पाण्याने हवा कोंडते आणि ढीग सडतो. आम्ही तो उकलला, सुका पाला मिसळून परत रचला. थोड्याच दिवसांत आत हात ठेववेना इतका तो तापला. तीन महिन्यांत तो तीनदा पालटला.

या रीतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९०५ साली हिंदुस्थानात आलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. केंब्रिजला शिकलेल्या या शास्त्रज्ञाने इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानले. १९३१च्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्ड आणि यशवंत वाड अशी दोन नावे आहेत. एका रविवारी तो परिसर पाहताना मला आजी आठवली. शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या बायांची नावे कुठल्या पुस्तकावर असणार? आजीला ते काम नेमून दिलेले होते. मी ते निवडले, आणि त्यामागचे शास्त्रही शिकले. आईला द्यायचे उत्तर मला तिथे सापडले.

पण ते सांगावे लागलेच नाही. घरी पिशवीभर खत आणले. आईने ते चिमटीत चुरले, नाकाशी नेले. शेणाचा वास कुठेच नव्हता. “कढीपत्त्याच्या कुंडीत टाक,” एवढेच ती म्हणाली.

आता घरामागे आमचा ढीग आहे. पाणी आईच शिंपडते. मला बादलीला हात लावू देत नाही!