आठ नंबरचा ब्रश

आमच्या तालुक्याच्या गावात रंग मिळायचे ते एकाच दुकानात, आणि तेही मुळात वह्या-पुस्तकांचं. दुकानदारांना सगळं गाव काका म्हणायचं. मी नववीत होते, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसायचं होतं आणि वडिलांनी मोजून पैसे दिले होते. मला हवी होती चोवीस रंगांची पेटी. काकांनी ती फळीवरून काढलीच नाही.

"एवढ्या रंगांचं करणार काय? लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, बास. हिरवा तुझा तू कर."

कॅम्लिनच्या त्या चार सुट्या ट्यूब घेऊन मी हिरमुसून उभी राहिले. तेवढ्यात ते म्हणाले, "आता ब्रश." एकच, गोल, आठ नंबरचा.

नव्या ब्रशचे केस डिंकाने चिकटवून टोकदार केलेले असतात. ते टोक दुकानापुरतं. गल्ल्याशेजारी काकांचा पाण्याचा स्टीलचा पेला असायचा. त्यात ब्रश खळखळून ते डिंक काढायचे, मनगटाला एक झटका द्यायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून टोक निरखायचे. केस एकत्र येऊन टोक सुईसारखं झालं, की मग नखाची परीक्षा. ओला ब्रश अंगठ्याच्या नखावर दाबायचा आणि सोडायचा. वाकलेले केस आपसूक सरळ झाले तर पास. आठ नंबरचा ब्रश असा निघाला तर पानाची शीरही काढता येते आणि आभाळही भरता येतं. बारीक ब्रश वेगळा घ्यावा लागत नाही. नापास झालेले ब्रश पुढे कोणाच्या गळ्यात पडले, ते मी कधी विचारलं नाही.

कागदाच्या बाबतीत मात्र काका कोणाचं ऐकायचे नाहीत. रंग हलका असला तर चित्र फिकं होईल, पण कागद हलका असला तर चित्र होणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागलं की फुगतो, खळग्यांत रंग साचतो, दुसरा हात दिला की वरचा थर भुसा होऊन सुटतो. आपल्याला रंगवता येत नाही, असं मुलांना वाटायला लागतं ते इथे.

पुण्याला पुस्तकं आणायला गेले की काका हातकागद संस्थेतून कागद आणायचे. के. बी. जोशींनी 1940 मध्ये सुरू केलेली ही संस्था; कागद सुती कापडाच्या कातरणांचा, म्हणून पाणी सोसणारा. 22 बाय 30 इंचांचा पूर्ण ताव घेण्याची माझी ऐपत नव्हती. काका पट्टी दाबून त्याचे चार तुकडे करायचे आणि पाव ताव सुटा द्यायचे. माझ्या घामेजलेल्या नाण्यांत कितीदा पैसे कमी पडले असतील, त्याचा हिशेब त्यांच्या वहीत तरी कुठे सापडला असता? "राहू दे, पुढच्या वेळी" एवढंच ते म्हणायचे.

पॅलेट त्यांनी मला कधी विकली नाही. घरात कान तुटलेल्या कपाची पांढरी बशी असेलच की, असा त्यांचा सवाल. होती.

आज मी शाळेत चित्रकला शिकवते. अठ्ठेचाळीस रंगांची पेटी ऑनलाइन मागवू का, असं पालक विचारतात, तेव्हा मी काकांचीच यादी सांगते: आधी जाड कागद, किमान 200 जीएसएम, जमलं तर 300, मग एक बरा ब्रश, रंग सर्वांत शेवटी, विद्यार्थ्यांसाठीचेच चालतील. ब्रश वापरून झाला की धुवून आडवा ठेवा, पाण्यात उभा नको.

एका बाबतीत मात्र मी त्यांचं मोडते. काळी ट्यूब ते देत नसत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद रंग होतो तोच त्यांना खरा काळा वाटे. पण चौदा वर्षांच्या पोराला रात्र काढायची असते ती काळीकुट्ट, आणि ताबडतोब. मी देते बापडी.