मुकुटबन : रान आणि रानाखालचे धन

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन वसले आहे. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. म्हणूनच या सीमाभागात मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषाही नांदतात. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादला जाणाऱ्या लोहमार्गावर मुकुटबनचे स्थानक आहे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, त्यात हा मुलूखही गेला. पुढे काही काळ संपूर्ण जिल्हाच वणी या नावाने ओळखला जाई; यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. राज्यकर्ते आणि सरहद्दी बदलल्या, तरी काळ्या जमिनीतील कपाशी आणि तिच्या कडेचे सागवानी रान यांवरच इथला संसार चालत राहिला.

या रानाशी सर्वांत जुने नाते कोलामांचे. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणण्यात त्यांचा हात कुशल. शासनदरबारी त्यांची नोंद विशेष असुरक्षित आदिम जमातींत आहे. कोरड्या सरकारी शब्दांत किती पिढ्यांचे दारिद्र्य सामावते, हे पोडावर गेल्याखेरीज उमगत नाही.

रानाखाली मात्र अपार धन आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला चुना आज चुनखडीच्या थरांच्या रूपाने हाती लागतो. जवळच मार्की-मांगलीच्या परिसरात दगडी कोळसा आहे. चुनखडी आणि कोळसा एकाच ठिकाणी सापडल्यावर सिमेंट दूर राहणार नव्हते. २०२२ मध्ये वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना येथे सुरू झाला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने घराजवळच्या कामाची आशा धरावी, यात गैर काहीच नाही. परंतु खणलेल्या जमिनीत कपाशी पुन्हा उगवत नाही.

आणि रानातील मुक्या रहिवाशांचे काय? एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक वाघीण आपल्या गुहेतच मारली गेली. गुहेच्या तोंडाशी जाळ केलेला होता आणि तिचे पंजे तोडून नेलेले होते.