दहा रुपयांची बंदूक

लष्करातील आमच्या जुन्या वाड्याच्या परसात जाईचा एक वेल होता. त्यास आधार म्हणून जमिनीत एक जाड लोखंडी नळी रोवलेली होती. नळी कमरेएवढी उंच, आणि तिचे तोंड अंगठा जेमतेम शिरेल एवढे. लहानपणी आम्ही भावंडे तिच्यात खडे टाकून ते आत खणखणत कसे जातात हे ऐकत बसत असू. खंडेनवमीच्या दिवशी आजी देवघरापुढे मांडलेल्या तलवारीला आणि कट्यारीला हळदकुंकू वाहून झाले की परसात येई आणि त्या नळीलाही कुंकवाचे एक बोट लावी. का, असे विचारले तर म्हणे, “तीही त्यांच्यातलीच आहे रे.” याहून अधिक तिलाही ठाऊक नसावे.

पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या. तलवारीवरून दोन काकांनी वर्षभर अबोला धरला. नळीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. जाई उपटली गेली, आणि नळी भंगारवाल्याने वजनावर नेली. किती पैसे आले हे कोणास आठवत नाही.

या गोष्टीस पुष्कळ वर्षे लोटल्यावर एकदा पुण्याहून पाहुणे आले, म्हणून त्यांना घेऊन आम्ही उभयता जयविलास राजवाड्यातील संग्रहालय पाहावयास गेलो. पाहुणे नेहमीप्रमाणे दरबार दालनातील प्रचंड झुंबरांखाली माना उंचावून उभे राहिले, मेजावरून फिरणाऱ्या चांदीच्या आगगाडीपाशी रेंगाळले. आमची पावले मात्र शस्त्रांपाशी थांबली. तेथे एका लांबलचक बंदुकीला आमच्या जाईची नळी बसविलेली होती! तीच जाडी, तोच तोंडाशी किंचित फुगीर झालेला काठ. ती तोड्याची बंदूक होती. आमच्या आजीचे बोट चुकलेले नव्हते.

तेव्हापासून या बंदुकीने आमच्या मनात घर केले, आणि तिच्या मागावर गेल्या हिवाळ्यात आम्ही ग्वाल्हेरहून आग्र्यास जाऊन आलो. ताजमहाल पूर्वी पाहिला होता. या वेळी हेतू निराळा होता.

निघण्यापूर्वी बंदुकीची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. तोडा म्हणजे सोऱ्यात मुरवलेली, संथपणे जळत राहणारी सुताची वात. चाप ओढला की जळत्या तोड्याचे टोक खाली येऊन कानापाशी ठेवलेल्या रंजकेला लागते, रंजक पेटते, आणि आतली दारू भडकून गोळी सुटते. चकमकीच्या बंदुकीत तोडा नाही. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून चकमकीने तोड्याला हळूहळू हद्दपार केले. आपल्याकडे मात्र तोडा एकोणिसाव्या शतकातही जळत होता, आणि म्हणून आपल्या बंदुकीस मागासलेली म्हणण्याची रूढी पडली.

ही रूढी अर्धीच खरी आहे. आपले लोहार लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून तिची नळी करीत. ती लांब आणि जाड असे. तीत दारू जास्त भरता येई, गोळी घट्ट बसे, आणि म्हणून ती दूरवर जाई. कंपनी सरकारच्या शिपायाची चकमकी बंदूक शंभर पावलांपलीकडे नेमाची राहत नसे. १८३९ ते १८४२ च्या अफगाण युद्धात डोंगरावरच्या जेजाइल नावाच्या लांब बंदुका इंग्रजांच्या बंदुकांपेक्षा दूरचा वेध घेतात, हे त्यांच्याच अधिकाऱ्यांना मान्य करावे लागले. शिवाय तोड्याची बंदूक गावच्या लोहाराला दुरुस्त करता येई. गारगोटी झिजली, ठिणगी पडली नाही, ही तक्रार तिला नव्हती.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. पाऊस आला की तोडा विझे. रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसे. भरण्यास वेळ लागे. चकमकीवाला कवायती शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढीत असे, तेथे तोडेवाला मागे पडे. हातात जळता तोडा आणि कमरेला दारू असल्याने शिपायांना खांद्याला खांदा लावून उभे राहता येत नसे. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की तिला संगीन नव्हती. एक बार काढल्यावर घोडेस्वार अंगावर आला तर ती नुसती काठी.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांची आठवण आपल्या शहरात एका वस्तीच्या नावात उरली आहे. लष्करातील कंपू आपण सर्व जाणतो. आज मराठीत कंपू म्हणजे टोळके. परंतु दीडदोनशे वर्षांपूर्वी कंपू म्हणजे शिंद्यांची कवायती फौज. फ्रान्सच्या सीमेवरील सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावी १७५१ साली जन्मलेल्या द बॉइन्य याने ती उभी केली. आपले जुने लोक त्याला डिबॉइन म्हणत. महादजी शिंदे ग्वाल्हेरच्या किल्ल्याभोवती असताना हाच गृहस्थ गोहदच्या राण्याला मदत करून तो वेढा उठविण्याची योजना आखीत होता. महादजींनी हे जाणून त्याचा द्वेष केला नाही. १७८४ साली त्याला आपल्याच चाकरीत घेतले. दोन पलटणींपासून झालेला आरंभ दहा-दहा पलटणींच्या तीन कंपूंपर्यंत गेला. १७९० च्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया याच पायदळाने जिंकल्या. मेडत्यास राठोड घोडेस्वारांच्या लाटा त्याच्या चौकोनावर येऊन फुटल्या.

या कंपूत दोन प्रकारचे शिपाई होते. तेलंगे चकमकीची बंदूक बाळगीत. नजीब मात्र आपली तोड्याचीच बंदूक वापरीत. परंतु तिला संगीन बसविलेली असे. म्हणजे आपल्याकडची दूर मारणारी नळी आणि युरोपचे टोक, असा तो मिलाफ होता. आमच्या मते हिंदुस्थानात घडलेल्या शस्त्रांत याइतके शहाणपणाचे आणि याइतके विस्मृतीत गेलेले दुसरे शस्त्र नसेल.

ग्वाल्हेरहून आग्रा सुमारे एकशेवीस किलोमीटर. मुरैना मागे पडल्यावर चंबळेच्या घळींचा मुलूख सुरू होतो. चहाच्या टपरीवर खांद्याला बंदूक अडकवून बसलेला माणूस येथे आजही कोणाच्या कुतूहलाचा विषय होत नाही. आम्ही चहा घेत असता शेजारच्या बाकावरील एका वृद्ध ठाकुरांशी बोलणे झाले. त्यांच्या मांडीवर परवान्याची दुनळी होती. तोड्याच्या बंदुकीचा विषय काढताच ते हसून म्हणाले, “हमारे दादा के पास टोपीदार थी. उससे पहले की तो बस बातें सुनी हैं.” टोपीदार म्हणजे चकमकीनंतर आलेली, तांब्याच्या टोपीवर घोडा पडून उडणारी. ज्या मुलखात घराघरांत बंदूक, तेथेही तोड्याची बंदूक केवळ गोष्टींत उरली होती.

चंबळ ओलांडून धौलपूरच्या तांबड्या दगडाच्या खाणींवरून दुपारी आग्र्यास पोहोचलो. किल्ल्यात अमरसिंह दरवाजाने आत शिरताच वाटाड्याने शहाजहानची कैद, जहाँगिराचे कुंड, शीशमहाल यांची माळ ओवण्यास आरंभ केला. “आणि शिंद्यांचे काय?” असे आम्ही विचारले. तो क्षणभर थांबला, आणि पुन्हा शहाजहानाकडे वळला. १७८५ पासून १८०३ पर्यंत हा किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता. इस्माइल बेगाने घातलेल्या वेढ्यात लखबादादा लाड यांनी १७८८ च्या उन्हाळ्यापर्यंत तो लढवून राखला. लेखणीवर वाढलेला हा शेणवी गृहस्थ किल्ल्यासाठी तलवार धरून उभा राहिला. त्याचे नाव तेथे कोणाच्या तोंडी नव्हते.

आणि याच आग्र्यात सँगस्टर नावाचा एक स्कॉट शिंद्यांचा कारखाना चालवीत होता. हाही पूर्वी गोहदकरांच्या पदरी असलेला. तो उत्तम तोफा ओती. आणि त्याच्या कारखान्यात युरोपीय बंदुकीच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत तयार होई, असे इंग्रज ग्रंथकारांनीच लिहून ठेवले आहे. दहा रुपये! भट्टीपाशी घाम गाळणारे, नळी ठोकणारे, दस्ता तासणारे हात आमच्याच देशातील कारागिरांचे होते. सँगस्टरचे निदान आडनाव तरी उरले. त्या कारागिरांचे तेवढेही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान टॉकीजच्या चौकाजवळील जुन्या रोमन कॅथॉलिक दफनभूमीत गेलो. बाहेर वाहनांचा कल्लोळ, आणि आत निंबाची सावली. तेथे एक छोटा ताजमहाल उभा आहे, पण संगमरवराचा नव्हे, तांबड्या दगडाचा. ही हेसिंगची समाधी. उट्रेख्ट येथे जन्मलेला हा डच शिंद्यांच्या वतीने आग्र्याचा किल्लेदार होता. तो १८०३ च्या जुलैमध्ये वारला, आणि त्याच्या पत्नीने ही वास्तू बांधविली. पलीकडे समरूही येथेच विसावला आहे. परक्या देशातून आलेल्या शिपायांची नावे दगडावर शाबूत आहेत, याबद्दल आम्हांस असूया वाटली नाही. माणूस कोठलाही असो, त्याची आठवण राहिलेली बरी. तथापि त्या तांबड्या घुमटाखाली उभे असता मनात आले, की हेसिंगने ज्यांच्या जोरावर किल्ला राखला त्यांची समाधी कोठे?

त्यांची समाधी अलवरकडील लासवारीच्या रानात आहे, असे म्हणावे लागेल. हेसिंगच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १८०३ मध्ये, लेक याने आग्रा घेतले. किल्ल्यातील एक अजस्र तोफ त्याने तराफ्यावर घालून नेण्याचा घाट घातला. ती यमुनेत बुडाली. ही कथा आग्र्याच्या इतिहासात हटकून येते, कारण तोफांचे भाग्य असे असते. विजापूरची मलिक-ए-मैदान, जंजिऱ्याची कलालबांगडी, जयगडची जयबाण, या सर्वांना नावे आहेत, दर्शनाला गर्दी आहे. १ नोव्हेंबर रोजी लासवारीस कंपूची उरलेली पायदळे उभी ठाकली. मुख्य सेनापती पेराँ आधीच इंग्रजांना शरण गेलेला, बहुतेक युरोपीय अधिकारी निघून गेलेले. अशा स्थितीत ते शिपाई जागचे हलले नाहीत. त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द लेक याने दिली. सत्तरांहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, त्यांची मोजदाद झाली. बंदुका किती पडल्या, हे कोणी मोजत बसले नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावचा तह झाला. आग्रा गेले, दोआब गेला, आणि त्याबरोबर तो कारखानाही गेला. पुढे १८५७ नंतर सरकारने घरोघरची शस्त्रे गोळा केली, १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलेल्यांवर परवान्याचे कुलूप घातले. गिऱ्हाईकच संपल्यावर नळी ठोकणारा लोहार नांगराच्या फाळाकडे वळला. शस्त्र वाईट म्हणून टाकले गेले, असे झाले नाही. ते बाळगणारे राज्य हरले, म्हणून ते टाकले गेले. नव्या सुधारणा पुढे आल्या असत्याच, आणि तोडा केव्हातरी विझणारच होता. परंतु तो आपल्या हाताने विझविण्याची संधी त्या कारागिरांस मिळाली नाही, हे शल्य आहे.

बंदूक ही माणूस मारण्याचीच वस्तू. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तलवारीला आपण जो मान देतो, तो तिच्यावर धन्याचे नाव असते म्हणून. ती कोणा सरदाराची असते, तिच्या मुठीवर सोने असते. दहा रुपयांची बंदूक कोणाचीच नसते. ती सरकारातून मिळते, शिपाई पडला की दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. आपण ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे येथील मराठी घराणी स्वतःस सरदार-दरकदारांचे वंशज मानतो. खरे पाहता आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज या मुलखात आले ते कारकून, भालदार, गोलंदाज आणि कंपूचे शिपाई म्हणून. आपल्या पूर्वजांची खरी खूण मुठीच्या सोन्यात नसून त्या बेवारस नळीत असण्याचा संभव अधिक. भाषेने मात्र इमान राखले आहे. एखादी गोष्ट आपण अजून ठासून सांगतो, आणि एखाद्याचा बार फुसका निघाला की हसतो.

परतताना संध्याकाळी चंबळेच्या पुलावर थोडे थांबलो. सौभाग्यवती म्हणाल्या, “तलवार कोणाकडे आहे हे विचारण्यापेक्षा त्या भंगारवाल्याचे नाव विचारून ठेवायला हवे होते.” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकांना एकच विनंती. आपल्या घरी माळ्यावर, परसात, गोठ्यात अशी एखादी जुनी नळी, गंजलेली संगीन किंवा दारूचे शिंग पडले असेल, तर ते विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना त्याची हकीकत विचारावी आणि ती लिहून ठेवावी. जवळच्या संग्रहालयात चौकशी करावी, कायद्याचे काय ते समजून घ्यावे. आमची नळी गेली. जाईची एक फांदी मात्र बहिणीने पूर्वीच नेऊन लावली होती. तिचे रोप यंदा आमच्या गच्चीवरील कुंडीत आणले आहे, आणि येत्या खंडेनवमीस कुंकवाचे एक बोट त्या कुंडीला लावण्याचे ठरविले आहे.