किल्ला दिसेपर्यंत

आमच्या ग्वाल्हेरच्या लश्करात जानेवारीतली सकाळ फक्त घड्याळात होते. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिथे हे गाव वसलं. आमचं घराणंही तेव्हापासून इथलंच. तरी "आपली हाडं अजून देशावरचीच आहेत," असं आजी दर थंडीत म्हणते.

धुकं दाटलं की समोरच्या डोंगरावरचा एवढा मोठा किल्ला गायब होतो. आगगाड्या उशिरा, शाळा उशिरा, वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट. संक्रांतीला तिळगुळाबरोबर मुरैनाची गजक येते. दुपारी एकाच रजईत पाय घालून आम्ही ढीगभर मटार सोलतो.

आजोबा रोज गच्चीवर जाऊन बघायचे आणि धुकं निवळलं की वरून हाक मारायचे, "अगं, किल्ला दिसला!" मग आजी वर जाऊन उन्हात बसायची. मागच्या हिवाळ्यात आजोबा गेले. यंदा आजी एकदाही वर गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

वसंतपंचमीला लख्ख ऊन पडलं. खाली केशरी भात शिजत होता. मी गच्चीवरून ओरडले, "आजी, किल्ला दिसला!"

बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यात काठीचा आवाज आला.