वेगाची पेढी

गोंदियातील एका राईस मिलच्या कचेरीत अजून जुन्या पद्धतीची गादी आहे. गादीवर दादाजी बसतात, शेजारच्या टेबलाशी त्यांचा मुलगा आणि संगणकासमोर नातू. धानाचा नमुना आला की तिघेही तो हातात घेतात. दादाजी दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतात, मुलगा तळहातावर चोळून तांदळाचा अंदाज घेतो आणि नातू यंत्रात टाकून आकडा वाचतो. तिघांचे उत्तर बहुधा एकच येते. पाकिस्तानचे जलदगती गोलंदाज हा विषय निघाला की मात्र तिघांची तीन उत्तरे होतात, आणि ती आजतागायत जुळलेली नाहीत.

पाणी गाळून पिणाऱ्या घरात यष्ट्या उखडणाऱ्यांचे एवढे कौतुक कशाला, असे दादीजी अधूनमधून विचारतात. तेही शेजारच्या देशाच्या माणसांचे! दादाजींचे म्हणणे असे की, समोरच्या दुकानात माल चांगला असेल तर तो चांगलाच म्हणावा. न म्हटल्याने आपला माल सुधारत नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत पाकिस्तानने भारताचा १२ धावांनी पराभव केला. सचिन तेंडुलकरांनी १३६ धावा करूनही सामना हातातून निसटला होता. तरी विजयी संघाने मैदानाला फेरी घातली तेव्हा चेन्नईचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांची आठवण दादाजी आजही काढतात, आणि पराभवाची काढत नाहीत.

दादाजींचा गोलंदाज म्हणजे इम्रान खान. १९८२-८३ च्या हिवाळ्यात भारतीय संघ पाकिस्तानात गेला होता. मिलमध्ये नव्या धानाची आवक सुरू असे आणि गादीजवळच्या रेडिओवर समालोचन चाले. त्या मालिकेतील सहा कसोटींत इम्रानने ४० बळी घेतले. कराचीच्या दुसऱ्या डावात ६० धावांत आठ गडी बाद केले. फैसलाबादला शतकही केले आणि अकरा बळीही घेतले. त्याच फैसलाबादला सुनील गावसकर दुसऱ्या डावात सलामीला येऊन अखेरपर्यंत १२७ धावांवर नाबाद राहिले. एका बाजूला सर्व गडी कोसळत आहेत आणि दुसऱ्या टोकाला एक मुंबईकर उभा आहे, हे ऐकताना दादाजींना नेमका कोणाचा अभिमान वाटत होता, हे त्यांनी कधी स्पष्ट केलेले नाही. इम्रानविषयी ते एवढेच सांगतात की, या माणसाने स्वतःला घडवले. आरंभी त्याच्याकडे वेग होता पण ताबा नव्हता. गोलंदाजीची ढब बदलून, वर्षानुवर्षे मेहनत करून त्याने चेंडू हुकमी आत आणण्याची कला कमावली. मैदानावर राग दिसे; पण तो मालकाचा राग असे, नोकराचा नव्हे.

इम्रानच्या आधी सर्फराज नवाज होते, हे विसरून चालणार नाही. मार्च १९७९ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलिया ३ बाद ३०५ अशा सुस्थितीत असताना सर्फराजने ३३ चेंडूंत एक धाव देऊन सात गडी टिपले, आणि डाव ३१० वर आटोपला. रिव्हर्स स्विंगची विद्या रुजवण्याचे श्रेय बहुतेक जाणकार त्यांनाच देतात. नवा चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. पण जुना झालेला, एका बाजूने खडबडीत आणि दुसऱ्या बाजूने घासून गुळगुळीत राखलेला चेंडू पुरेशा वेगाने टाकला तर तो उलट, चकाकत्या बाजूकडे वळतो, आणि तोही फार उशिरा. पाकिस्तानातील कोरड्या, खरखरीत मैदानांवर चेंडूची लकाकी लवकर जाते. इतर देशांचे गोलंदाज जिथे चेंडू जुना झाला म्हणून हात झटकत, तिथे या लोकांचा खरा व्यापार सुरू होई. सर्फराजने ही विद्या इम्रानला दिली, इम्रानने वसीम अक्रम आणि वकार युनूस यांना. दादाजी याला पेढी म्हणतात. पेढीत गल्ल्यापेक्षा हातची विद्या मोठी असते. माल कसा ओळखावा आणि गिऱ्हाइकाला कधी थांबवून धरावे, हे वहीत लिहिलेले नसते, ते बापाशेजारी बसून कळते.

मुलाचे मत वेगळे. २५ मार्च १९९२ रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, वसीम अक्रमने अॅलन लॅम्ब आणि ख्रिस लुईस यांचे लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्रिफळे उडवले, तेव्हापासून तो वसीमचा. आखूड धाव, खांद्याची विलक्षण जलद फेक, आणि शेवटच्या क्षणापर्यंत न कळणारा बेत. उजव्या यष्टीकडून असो की डाव्या, चेंडू नवा असो की जुना, वसीम दोन्ही दिशांना वळवू शके. वयाच्या अठराव्या वर्षी, आपल्या दुसऱ्याच कसोटीत, त्याने न्यूझीलंडमध्ये दहा बळी घेतले होते. अखेरीस कसोटीत ४१४ आणि एकदिवसीय सामन्यांत ५०२. मुलगा म्हणतो, इम्रानने मेहनतीने मिळवले ते वसीमच्या मनगटात जन्मतःच होते. यावर दादाजींचा ठरलेला प्रश्न असतो, "मग ते ओळखून पुढे कोणी आणले?"

वकारची गोष्ट निराळी. तो लांबून धावत येई, आणि त्याचा भर फलंदाजाला फसवण्यापेक्षा त्याच्या पायाचा अंगठा आणि यष्टीचे बूड यांवर असे. त्याच्या ३७३ कसोटी बळींपैकी निम्म्याहून अधिक त्रिफळाचीत किंवा पायचीत आहेत; म्हणजे झेल घेणाऱ्या हातांवर तो फारसा अवलंबून राहिला नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत त्याने आणि सचिनने एकाच कसोटीत पदार्पण केले. पुढे त्याच मालिकेत सियालकोटला वकारचा चेंडू सोळा वर्षांच्या सचिनच्या नाकावर आदळला, रक्त वाहिले, तरी मुलगा मैदान सोडून गेला नाही. वसीम विचार करायला लावी आणि वकार विचारालाच वेळ देत नसे. या दोघांचे एकमेकांशी फारसे पटत नव्हते, काही काळ तर बोलणेही बंद होते, हे सर्वश्रुत आहे. भाऊभाऊ न बोलता एकाच दुकानात बसून गल्ला भरतात, अशी उदाहरणे गोंदियाच्या बाजारातही शोधावी लागत नाहीत.

नातू लहानपणी शोएब अख्तरचा भक्त होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये ईडन गार्डनवर द्रविड आणि तेंडुलकर यांना लागोपाठच्या चेंडूंवर उडवणारा, आणि २००३ च्या विश्वचषकात ताशी १६१.३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा हा माणूस मुलांना आवडणारच. पण पेढीला तो कधी सांभाळता आला नाही. २००७ मध्ये सहकारी महंमद आसिफला बॅटने मारल्यावरून त्याला स्पर्धेपूर्वीच घरी पाठवण्यात आले. असामान्य वेग आणि ठिसूळ मन. त्याच्याविषयी कचेरीत फार चर्चा होत नाही.

पेढीच्या कीर्तीला डाग लागला तो त्याआधीच. २००० साली न्यायमूर्ती मलिक मुहम्मद कय्यूम यांचा सामनानिश्चितीविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सलीम मलिकवर आजन्म बंदी आली. वसीमविरुद्ध आरोप सिद्ध झाले नाहीत. मात्र त्याला दंड झाला, आणि यापुढे कर्णधारपद देऊ नये अशी शिफारसही झाली. त्या दिवशी मुलाने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. दादाजी त्याला काही बोलले नाहीत. मुलाच्या आवडत्या माणसाचे नाव असे आले असताना आपण जिंकल्याचा आव आणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

खरी परीक्षा झाली ती नातवाची. १९९२ साली जन्मलेला महंमद आमीर आणि हा नातू एकाच वयाचे; शिवाय नातूही डावखुरा. आरशासमोर उभा राहून त्याने आमीरची फेक उचलली होती, मनगटाच्या त्या शेवटच्या झटक्यासह. खोलीच्या भिंतीवर आमीरचे मोठे चित्र होते. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर आमीरने इंग्लंडचे सहा गडी बाद केले, कसोटीत पन्नास बळी घेणारा तो सर्वांत तरुण गोलंदाज ठरला, आणि त्याच सामन्यातले त्याचे दोन आणि आसिफचा एक नोबॉल पैसे घेऊन टाकलेले होते, हे रविवारी सकाळी जगाला कळले. कर्णधार सलमान बटही त्यात होता. पुढे बटला दहा, आसिफला सात आणि आमीरला पाच वर्षांची बंदी झाली. त्यांपैकी बटची पाच आणि आसिफची दोन वर्षे स्थगित होती. लंडनच्या न्यायालयाने तिघांना तुरुंगातही धाडले.

पर्युषण तोंडावर आले होते. नातू दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी कचेरीत येऊन म्हणाला, "दादाजी, तीन नोबॉल म्हणजे तीन धावा. पाकिस्तान तर एक डाव आणि २२५ धावांनी हरला. त्या तिघांनी नियमाने चेंडू टाकले असते तरी हरलाच असता. मग नुकसान कोणाचे झाले?"

हिशेब बिनचूक होता. दादाजींनी त्याला हाताला धरून बाहेर काट्यापाशी नेले. पोती भरली जात होती. त्यांनी एका पोत्याकडे बोट दाखवले. "पन्नास किलोच्या पोत्यात पन्नास ग्रॅम कमी भरले, तर घेणारा उपाशी राहील का?"

"नाही."

"त्याला कळेल?"

"नाही."

दादाजी पुढे काहीच बोलले नाहीत, परत गादीवर जाऊन बसले. नातू बराच वेळ काट्यापाशी उभा होता. त्या रात्री त्याने भिंतीवरचे चित्र काढले. फाडले नाही, घडी करून कपाटात ठेवले.

त्या वर्षी त्याने महाविद्यालयाच्या संघातून गोलंदाजीही केली नाही. घरातल्यांना हे अती वाटले, आणि कदाचित ते अतीच होते. पण अठराव्या वर्षी माणूस ज्याच्यासारखे व्हायचे ठरवतो, तोच खोटा निघाला तर स्वतःच्या मनगटावरचाही विश्वास जातो.

त्याला पुन्हा मैदानाकडे वळवले ते विदर्भाच्याच एका गोलंदाजाने. विदर्भात वेगाची पेढी नव्हतीच. नागपूरचे प्रशांत वैद्य नव्वदच्या दशकात भारतासाठी चार एकदिवसीय सामने खेळले, पण त्यांच्यामागे रांग लागली नाही. मग खापरखेड्याजवळच्या वलनीतून, कोळसा खाणीतल्या कामगाराच्या घरातून, उमेश यादव आला. पोलीस भरतीत त्याला अपयश आले होते. टेनिस बॉलवर वाढलेल्या या मुलाच्या हातात खरा चेंडू आला तोच विशीच्या उंबरठ्यावर. २००८ मध्ये रणजी, नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी. कसोटी खेळणारा तो विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू. २०१५ च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक १८ बळी त्याचेच. आणि २०१४ मध्ये तो कोलकाता नाईट रायडर्सकडे गेला, तेव्हा त्या संघाचा गोलंदाजी प्रशिक्षक होता वसीम अक्रम. ही बातमी मुलाने कचेरीत मोठ्याने वाचून दाखवली. सर्फराजकडून इम्रानकडे, इम्रानकडून वसीमकडे आणि वसीमकडून वलनीच्या मुलाकडे! दादाजींना या हस्तांतरणाचे मोठे नवल वाटले. सरहद्दीवरून तांदूळ जायला परवाने लागतात, असे ते म्हणाले.

पुढे डिसेंबर २०१७ मध्ये रणजी उपांत्य सामन्यात रजनीश गुरबानीने कर्नाटकाचे बारा गडी बाद करून विदर्भाला पाच धावांनी जिंकून दिले, आणि अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध तीन त्रिफळ्यांची हॅटट्रिक घेतली. तेव्हा नातू संध्याकाळी मुलांना चेंडू टाकायला शिकवू लागला होता.

पण त्याच वर्षीच्या जूनची एक संध्याकाळ सांगायची राहिली. बंदी संपवून आमीर २०१६ च्या आरंभी परत आला होता, आणि त्यावरून घरात पुन्हा तीन मते झाली होती. मुलाचे म्हणणे, शिक्षा भोगली, विषय संपला. नातू म्हणे, मी त्याचा खेळ बघणार नाही. दादाजींचे उत्तर व्यापाऱ्याचे होते, "क्षमा आजच करावी. उधारी मात्र हळूहळू वाढवावी."

१८ जून २०१७, रविवार. लंडनच्या ओव्हलवर चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना. दुपारी तीनला खेळ सुरू झाला. फखर झमान अवघ्या तीन धावांवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परत निघाला आणि पंचांनी त्याला थांबवले. बुमराहचा पाय रेषेबाहेर पडला होता. नोबॉल. फखरने पुढे ११४ धावा केल्या. नातू हळूच म्हणाला, "या एका नोबॉलने सामना जाणार." दादाजींनी मान डोलावली. "जाऊ दे. पाय घसरला आहे, विकलेला नाही."

पाकिस्तानने ४ बाद ३३८ केल्या. दोन डावांमधल्या विश्रांतीत, सूर्यास्तापूर्वी, घरातली जेवणे उरकली. भारताचा डाव सुरू झाला तेव्हा नातूही येऊन बसला; न बघण्याची प्रतिज्ञा कधी मोडली ते कोणी विचारले नाही. आमीरने पहिल्याच षटकात रोहित शर्माला पायचीत केले. मग विराट कोहलीचा झेल स्लिपमध्ये सुटला आणि पुढच्याच चेंडूवर पॉइंटला पकडला गेला. थोड्या वेळाने शिखर धवनही गेला. ३३ धावांत तीन, तिघेही आमीरचे. घरात शांतता पसरली. नातवाचा डावा हात नकळत मांडीवर तोच मनगटाचा झटका देत होता.

दादाजींनी चष्मा लावला होता आणि ते पडद्याच्या अगदी जवळ सरकले होते. मुलाने विचारले, "बाबूजी, एवढे काय पाहता? चेंडू तर इथूनही दिसतो."

"चेंडू तू पाहा," ते म्हणाले. "मी त्याचा पाय पाहतो आहे. अजूनपर्यंत प्रत्येक वेळी आत आहे."