हेड ओतायचं, पण कशाचं?

1950च्या दशकातल्या मॅचलेस 350चं अ‍ॅल्युमिनियम हेड एक्झॉस्ट सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत तडकलं होतं. वेल्डिंग धरेना. बदली हेड मिळेना, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवीन ओतून घ्यायचं ठरवलं. पॅटर्न, कोअर, वाळू यांचे जाणकार तिथे आहेत. कस लागला तो मिश्रधातू निवडताना.

जुन्या पिस्टनचा स्क्रॅप वितळवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो मी घेतला नाही. भंगारातून लोखंड रसात उतरतं, त्याच्या सुईसारख्या स्फटिकांनी कास्टिंग ठिसूळ होतं. शिवाय तांबं आणि मॅग्नेशियम किती आहे हे माहीत नसेल, तर हीट ट्रीटमेंट ठरवायची कशी?

माझा पहिला ओढा वाय अलॉयकडे होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत तो तयार झाला. त्यात सुमारे 4 टक्के तांबं, 2 टक्के निकेल आणि दीड टक्का मॅग्नेशियम असतं. निकेलची संयुगं उष्णतेत विरघळत नाहीत, म्हणून तो तापल्यावरही ताकद टिकवतो. पण मिस्त्रींनी हेडच्या फिनांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, एवढ्या पातळ फिना हाईत. सिलिकन नसंल तर रस शेवटपर्यंत पोचायचा न्हाई, आन् थंड होताना तडकंल बघा." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

सहज मिळणारा एलएम25 ओतायला उत्तम. त्यात 7 टक्के सिलिकन असतं, रस छान वाहतो. पण त्याची ताकद मॅग्नेशियम-सिलिकनच्या अतिसूक्ष्म कणांवर उभी असते. सतत 200 अंशांजवळ तापला की ते कण वाढत जातात आणि धातू मऊ पडतो. एअर-कूल्ड इंजिनात एक्झॉस्टजवळ नेमकं हेच घडतं.

मधला मार्ग एलएम16चा: 5 टक्के सिलिकन आणि सव्वा टक्क्याच्या आसपास तांबं. दोन्हींच्या नमुन्यांना पूर्ण हीट ट्रीटमेंट दिली, ते बरेच दिवस ओव्हनमध्ये 200 अंशांवर ठेवले आणि मग ब्रिनेल मशीनखाली घेतले. एलएम25वर गोळीचा खड्डा नुसत्या डोळ्यांनाही मोठा दिसत होता. निर्णय तिथेच झाला.

प्रमाणपत्र असलेले इनगॉट आणले. ओतण्याआधी रसातला हायड्रोजन काढला, नाहीतर सीटच्या जागी बारीक छिद्रं निघतात. कास्टिंग 525 अंशांच्या आसपास बारा तास ठेवून गरम पाण्यात बुडवलं, मग 165 अंशांवर पकवलं. गाडी आता घाटातही न कुरकुरता चढते.

जुनं इंजिन जपणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: थंड धातूच्या ताकदीचा आकडा पाहून मिश्रधातू निवडू नका. तो भाग चालताना किती तापतो ते आधी मोजा, आणि ओतणाऱ्याचं ऐका.