हृदयातल्या नांग्या

झटका येऊन गेलेल्या हृदयात काय शिल्लक उरले, हे टूडी इकोच्या पडद्यावर पाहणे हा माझा नित्याचा व्यवसाय. तरीही, निरोगी भिंत ठोक्यागणिक जाड होऊन आत ओढली जात असताना तिच्याच शेजारचा तो पातळ, किंचित चकाकणारा, जागचा न हलणारा पट्टा दिसला, की अहवालात नोंद करण्यापूर्वी हात क्षणभर थबकतो. तो स्नायू नव्हे, व्रण. कारण प्रौढ वयात हृदयपेशी नव्याने घडतात त्या वर्षाला शेकडा 1 च्या आसपास, आणि मोठ्या झटक्यात मरतात त्या अब्जाच्या घरात.

डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली ज्या मिरजेत रुग्णालय उभारले, तेथे साताऱ्याकडचे रुग्ण आजही येतात. कराडकडच्या एका ऊसबागायतदार आप्पांना दात्याच्या पेशी हृदयात सोडण्याची कल्पना सांगू लागलो, तेव्हा ते चटकन म्हणाले, "म्हंजे नांग्या भरायच्या म्हणा की, डॉक्टरसाहेब!" पिकात रोप न उगवल्याने राहिलेल्या मोकळ्या जागा म्हणजे नांग्या; उपमा मला मनापासून आवडली. मात्र नांग्यांत लावलेले रोप मागाहून सावकाश वाढले तरी चालते. हृदयातल्या नव्या पेशीने शेजारणीच्या तालातच आकुंचन पावले पाहिजे. 2014 साली मूळपेशींपासून घडवलेल्या सुमारे 1 अब्ज मानवी हृदयपेशी माकडांच्या हृदयांत सोडल्या, तेव्हा स्नायू खरोखर रुजला. पण ठोक्यांची लय बिघडली.

दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशींची कैफियत निराळी. त्या स्नायू बनत नाहीत, फार काळ टिकतही नाहीत. जाता जाता दाह शमवणारी आणि नव्या रक्तवाहिन्यांस उत्तेजन देणारी द्रव्ये तेवढी सोडतात. अशा पेशी देऊन पाहिलेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 537 रुग्णांच्या चाचणीत हृदय वारंवार निकामी होण्याचे प्रसंग टाळण्याचा मुख्य हेतू साधला नाही. मेंदूचा आणि हृदयाचा झटका मात्र कमी आढळला, म्हणून आशा सोडण्याचेही कारण नाही. 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी संपूर्ण हृदयच बदलले होते, आणि तो रुग्ण काही तासच जगला; सुरुवातीचे अपयश म्हणजे शेवट नव्हे, हे त्यावरून मला नेहमी आठवते.

आप्पांनी खिशातून एक जाहिरात काढली : काही लाखांत 'हृदय नवे'. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या काही विकारांतील रोपण वगळता मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही; आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराची रक्कम घेणे तर मुळीच संमत नाही. हे मी त्यांना तपशीलवार सांगितले, आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहून, तीन महिन्यांची मुदत घालून पुन्हा इकोसाठी बोलावले.